राजपुऱ्यातील पार्सलांची बारी

सोमवार, २५ ऑगस्ट

कै. सौ. मनकर्णा शालिग्राम महाजन,

तुला पत्र लिहिणे योग्य ठरणार नाही, कारण पत्त्याच्या जागी काय लिहावे हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून ही दैनंदिनी. तुला उद्देशून लिहिली तरी ती दैनंदिनीच समजली जावी, असे मी ठरवले आहे.

आज सकाळी आपल्या ओट्यावर जे घडले त्याची नोंद आवश्यक आहे. सोजरबाई अजूनही रोज लोधीपुऱ्याहून येते, मागल्या पडवीत कढईवर कच्ची केळी किसते आणि वेफर्स तळते. पुड्यांवर अजून तुझेच नाव आहे. ‘मनकर्णा वेफर्स’ गेल्या वर्षी तुझ्याबरोबर बंद पडतील असे मला वाटले होते. ते बंद पडले नाहीत, याचे श्रेय सोजरबाईला आहे. ते बंद पडू नयेत, ही जबाबदारी मात्र माझी आहे असे मी मानतो. त्या पुड्यांमुळे या घरात अजून कोणीतरी तुझे नाव घेते.

तर आज नाशिकचे एक खोके जावयाचे होते आणि तीन पार्सल कंपन्यांची तीन माणसे एकाच वेळी हजर झाली. तापीवेगचा तो तुझ्या वेळचा दगा, गरुडपंखचा एक कृश तरुण आणि शीघ्रसेवेचा हेल्मेट न काढणारा मनुष्य.

“वहिनीच्या टायमापासून नाशिकचा माल मीच नेतो,” दगा म्हणाला.

“नेतो तं नेतो, पन पोचवतो कवा? गिऱ्हाईकाचा उपास सुटल्यावर!” कृश तरुण म्हणाला. “आपन टेप बी आपलीच लावतो.”

“टेप! तुही टेप म्हनजे पोराच्या नाकाचं पानी. चिकटतच नही.”

दोघांनी खोक्याची दोन टोके धरली. हेल्मेटवाल्याने मधली बाजू धरली. खोके ओट्याच्या पायऱ्यांवरून खाली गेले आणि आत जो आवाज झाला तो चुऱ्याचा होता. सोजरबाई झारा घेऊनच बाहेर आली. “खा आता तिघं मिळून! पोह्यासंग खा, अन् मंग नवीन खोक्याचे दर सांगा. जो कमी सांगीन त्याले देते.”

आश्चर्य म्हणजे तिघांनीही दर कमी सांगितले.

कागद कारखान्याच्या पाठवणी विभागात मी आयुष्य काढले. तेथे कागदाचा एकही गठ्ठा वादावादीत पडला नाही, कारण गठ्ठ्याजवळ वाद घालण्यास परवानगीच नव्हती. स्पष्ट लिहितो, हा गोंधळ तुझ्यामुळे रुजला. तू ओट्यावर बसून एकाला दुसऱ्याचा दर ऐकवायचीस, दुसऱ्याला तिसऱ्याचा. ज्याने उशीर केला त्याला आठवडाभर रिकाम्या हाताने परत पाठवायचीस आणि वर चहा पाजायचीस. हा व्यापार नव्हे, हा बाजार आहे, असे मी तुला एकदा म्हणालो होतो. “मंग व्यापार कुठी करतात, देवळात?” असे तू विचारलेस.  देवळात नव्हे, परंतु बाजारातही व्यवस्था लावणे शक्य आहे.

मंगळवार, २६ ऑगस्ट

कडूभाऊंना भेटलो. आपल्या गल्लीतील समाजाच्या धर्मशाळेचे ते विश्वस्त. आपल्या घरापासून दोन घरे सोडून धर्मशाळेची पुढली खोली रिकामी असते. ती मी ‘राजपुरा पार्सल नियमन व निष्पक्ष स्पर्धा समिती’साठी मागितली.

“कमिटीत कोन कोन हाये?” त्यांनी विचारले.

“सध्या मी आहे.”

“मंग अध्यक्ष कोन?”

“निवड रीतसर होईल.”

कडूभाऊंनी पान गालात सरकवले. “शालिग्रामभाऊ, सरकारनं तुमाले रिटायर केलं, पन तुमी सरकारले रिटायर होऊ देत नही. घ्या खोली. फक्त आत सतरंज्या हायेत, त्यायच्यावर कोनाले झोपू देऊ नका. अन् काम झालं की किल्ल्या मलेच द्या, माह्या पुतन्याले नही.”

दोन्ही किल्ल्यांची पोच लिहून दिली. त्यांनी ती न वाचता पानाच्या डब्यात ठेवली.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

तुझ्या मोबाईलवर अजून मागण्या येतात. “ताई, दोन किलो पाठवा, मागच्यासारखे पातळ.” ग्राहकांना वस्तुस्थिती माहीत नाही. हे मला अप्रामाणिक वाटते. म्हणून मी आज एक निवेदन तयार केले: “कळविण्यास दुःख होते की श्रीमती मनकर्णा महाजन हयात नाहीत. मागणीची नोंद घेण्यात आली आहे.” ते सर्वांना पाठवले. सायंकाळपर्यंत हात जोडलेली पुष्कळ चित्रे आली. मागणी एकही आली नाही.

सोजरबाईने मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. “भाऊ, दुःखाच्या घरून कोनी खायाले मागते का? आता हा मोबाईल माह्याजवळ राहीन.”

तिचा हेतू चांगला असावा. मोबाईल अजून तिच्या कमरेच्या पिशवीत आहे. तो वाजला की पडवीतून ती “हां ताई, बोला” म्हणते आणि क्षणभर मी वर्तमानपत्र खाली ठेवतो.

रविवार, ३१ ऑगस्ट

समितीची पहिली बैठक यशस्वीरीत्या पार पडली.

तिन्ही कंपन्या उपस्थित. शीघ्रसेवेकडून त्यांचे शाखाप्रमुख श्री. रितेश स्वतः आले. तरुण मनुष्य, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात अदब. मला ते ‘सर’ म्हणतात. खुर्चीही त्यांनीच पुसून दिली. टपाल कार्यालयास निमंत्रण दिले होते. अशा समितीत भाग घेण्याची तरतूद नसल्याचे तेथील खिडकीवरून तोंडी सांगण्यात आले. तरी आपल्या देशातील सर्वांत जुन्या सेवेस वगळणे मला उचित वाटले नाही.

प्रश्न असा होता: तीन स्पर्धक, एक ओटा, भांडण कसे टाळावे? उत्तर मला आमच्या डोईफोडिया गावाने दिले. तेथे आमच्या वडिलांची व दोन्ही काकांची केळीची बाग एकाच विहिरीवर होती. पाण्यावरून भावाभावांत वितुष्ट येऊ नये म्हणून आजोबांनी बारी लावून दिली. ज्याची बारी त्याचे पाणी, दुसऱ्याने त्या दिवशी मोटारीच्या खोलीकडे फिरकावयाचेही नाही. केळी तिघांचीही सारखी पोसली. जे पाण्यास लागू पडते ते पार्सलास का पडू नये?

त्यानुसार ठरले. सोमवार-मंगळवार शीघ्रसेवा, बुधवार-गुरुवार गरुडपंख, शुक्रवार-शनिवार तापीवेग. टपाल खात्यास, त्याची प्रतिष्ठा लक्षात घेऊन, संपूर्ण रविवार देण्यात आला. ज्याची बारी नाही त्याने गल्लीत पार्सल उचलू नये; एकासाठी नियम मोडणे अन्यायाचे, असे मी बजावले. कोणावर अन्याय नको म्हणून तिघांचा दर एकच. तो किती असावा यावर श्री. रितेश यांनी अभ्यासपूर्ण मत मांडले.

“सर, कमी रेट म्हणजे क्वालिटी से समझौता. सबसे ऊपर वाला रेट पकडू, मग कस्टमरला पण भरोसा वाटतो.”

गरुडपंखच्या तरुणाने तत्काळ मान डोलावली. ज्यांनी सोमवारी एकाच खोक्यासाठी ओढाताण केली होती, त्यांनी रविवारी एकमेकांस पेढा भरवला. मनकर्णा, हे दृश्य तू पाहावयास हवे होतेस.

फक्त दगाने पेढा हातातच धरला होता. शेवटी म्हणाला, “काका, मले खोक्यामागं मिळते. मंग सोमवारी मी काय करू?”

“विश्रांती,” मी म्हणालो.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

गल्ली शांत आहे. ओट्यावर कोणी ओरडत नाही. चहाची पावडर उरू लागली आहे.

श्री. रितेश यांनी फोन करून सांगितले की वाद मिटल्यामुळे त्यांच्या माणसाला आता दिवसातून एकदाच यावे लागते. कार्यक्षमता यालाच म्हणतात.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

नियामकाने सेवेचा दर्जा स्वतः तपासला पाहिजे, म्हणून मी तिन्ही कंपन्यांमार्फत येतील अशा वस्तू मागवण्यास प्रारंभ केला आहे. आतापर्यंत एक गाळणी, एक कंगवा, एक विजेरी, पायपुसणे, पुन्हा एक कंगवा. वस्तू घरपोच येणे बारीत मोडत नाही, त्यामुळे कोणीही कधीही येऊ शकतो. घंटा वाजली की मी आधी वेळ पाहतो, मग दार उघडतो, मग माणसाला बसवतो. त्यास प्रश्न विचारावे लागतात. प्रश्नावली मोठी असल्याने चहा द्यावा लागतो.

आज दगाने कंगवा आणला. माझ्या डोक्याकडे पाहिले, कंगव्याकडे पाहिले आणि सही घेतली. “काका, बोलायाचं असलं तं असंच बोलावत जा. कंगवे काहून मागवता?”

सेवेत नम्रता: मध्यम.

दगाची बारी आज होती. तरी खोकी त्याला दोनच मिळाली. ग्राहक कमी का झाले, हे सोजरबाईला विचारले पाहिजे.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज अविधवा नवमी. तुझे श्राद्ध. नवरा मागे असताना गेलेल्या स्त्रीसाठी पक्षात ही तिथी राखलेली आहे, ही आपल्या पूर्वजांची व्यवस्था मला नेहमी विचारपूर्वक वाटते. आज पहिल्यांदाच ती माझ्या घरी लागू झाली.

सवाष्ण म्हणून सोजरबाईला बोलावले. तिचा नवरा मोतीराम केळीच्या बागांत घड काढण्यास जातो. त्याच्या नावाने तिने नवे कुंकू लावून घेतले. शेजारणीने स्वयंपाक केला होता. तुझी हिरवी साडी मी सोजरबाईला दिली. तिने घडी न मोडता ती मांडीवर ठेवली आणि त्यावर हात ठेवून जेवली. वरण दुसऱ्यांदा घेतले, तेव्हा मला बरे वाटले.

हात धुतल्यावर ती बोलली.

“भाऊ, आज वहिनीचा दिवस हाये म्हनून सांगते. नवरात्र आलं. उपासाचे वेफर्स म्हनजे आपला वर्षाचा धंदा. अन् रोज गिऱ्हाईक म्हनते, पाठवायाचा खर्च वेफर्सपेक्षा जास्त काहून? परवा पुन्यावाली म्हने, इकडच घेईन मी, गल्लीत दुकान हाये.”

“दर समितीने ठरवला आहे. तो सर्वांना समान आहे.”

“तेच तं! आधी तिघं माह्या दाराशी येत होते. आता मी त्यायच्या दाराशी फोन करते. शीघ्रसेवावाला म्हनते, बाई, आज तब्येत बरी नही, उद्या नेतो. उद्याही त्याचीच बारी. मी दुसऱ्याले बोलावलं तं तो म्हनते, कमिटीचा नियम हाये.”

“नियम पाळला जात आहे, ही चांगली गोष्ट आहे.”

सोजरबाईने कपाळाला हात लावला, कुंकू पुसणार नाही इतक्या हलक्याने. “वहिनीनं तिघांले भांडत ठेवलं होतं, भाऊ. तुमी त्यायचं लगीन लावून दिलं.”

आजच्या दिवशी ही उपमा मला अयोग्य वाटली. परंतु सवाष्णीस उलट बोलू नये म्हणून मी विडा पुढे केला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दुसरी बैठक. समितीने माझा शाल व श्रीफळ देऊन सत्कार केला. शाल श्री. रितेश यांनी घातली. श्रीफळ गरुडपंखने दिले. दगाला टाळ्या वाजवण्यास सांगण्यात आले. त्याने त्या वाजवल्या.

सोजरबाईची तक्रार मी निष्पक्षपणे, नाव न घेता मांडली. श्री. रितेश यांनी ती फार गांभीर्याने ऐकली. “सर, लेडीज लोकांची परेशानी मैं समझता हूँ. प्रॉब्लेम पिकअपचा आहे. तीन कंपनी, तीन गाडी, एका गल्लीत. वेस्टेज! सगळा माल इथेच जमा करू. कस्टमर खुद आणून देईल, एकच काउंटर, एकच बोर्ड. और काउंटर चलाएगा कौन, तो वो हम चला लेंगे. बाकी दोघांना त्यांचा त्यांचा हिस्सा.”

“पण मग स्पर्धा?” मी विचारले. नियामकाने हे विचारणे भाग होते.

“राहील ना सर. हेल्दी. तिघांचे फोटो बोर्डवर साईड बाय साईड.”

ठराव एकमताने मंजूर. दगाचा हात खाली होता, परंतु तो सतरंजीवर टेकलेला असल्यामुळे विरोधी धरता आला नाही.

घरी आल्यावर शाल कोठे ठेवावी हे समजेना. असल्या गोष्टी तू ठेवायचीस. सध्या खुर्चीच्या पाठीवर आहे.

रविवार, २१ सप्टेंबर

आज टपाल खात्याची बारी. गेल्या दोन रविवारी त्यांच्याकडून कोणी आले नाही, म्हणून मी स्वतः एक खोके सायकलरिक्षात घालून टपाल कार्यालयात नेले. कार्यालय बंद होते. रविवार असल्याचे पहारेकऱ्याने सांगितले.

“मला माहीत आहे,” मी म्हणालो. “म्हणूनच आलो.”

त्याने मला सावलीत बसवले आणि घरी कोणी आहे का, असे विचारले. उद्या खिडकी उघडल्यावर आलात तर खोके लगेच जाईल, असेही म्हणाला. परंतु उद्या शीघ्रसेवेची बारी. मी बारी संपेपर्यंत, म्हणजे दिवे लागेपर्यंत, थांबलो आणि खोके परत आणले. नियम करणाऱ्यानेच तो मोडला तर इतरांना काय सांगावे?

मंगळवार, २३ सप्टेंबर

काल घट बसले. पडवीत खोकी भिंतीला लागून छातीपर्यंत चढली आहेत. ओट्यापासून दोन घरे अंतरावरचा धर्मशाळेतील काउंटर आज उघडलाच नाही; किल्ली नेण्यास कोणी आले नाही. श्री. रितेश देवीच्या मंडळात व्यग्र आहेत.

सोजरबाई भाकरी करत असताना मोबाईल वाजला म्हणून मी घेतला. पुण्याहून आपली तृप्ती. तिने मुद्दाम, मला न सांगता, ग्राहक म्हणून मागणी दिली होती.

“बाबा? हा आईचा नंबर… तुम्ही कसे? बरं, माझे वेफर्स कुठे आहेत? आज दुसरी माळ.”

“तुझे पार्सल बारीच्या क्रमाने आहे.”

“कसल्या बारीच्या?”

मी तिला सर्व समजावून सांगितले. विहिरीचा दृष्टान्तही दिला. 

“बाबा, विहिरीतलं पाणी कुठे पळून जात नव्हतं हो. गिऱ्हाईक पळतं.” मग म्हणाली, “तुम्ही नीट जेवता ना?”

विषय बदलण्याची तिची सवय तुझ्यावर गेली आहे.

त्यानंतर मी संदेश वाचले. “ताई, उपास सुरू झाले, कधी पोचतील?” “ताई, राहू द्या, आता नको.” “राहू द्या.” “राहू द्या ताई.” ते सर्व तुला लिहिलेले होते, म्हणून येथे नोंदवले.

गुरुवार, २५ सप्टेंबर

सोजरबाईने आज कढई पेटवली नाही. घासून, उपडी करून ठेवली. तेल किटलीत परत ओतले.

“उद्यापासून येत नही, भाऊ. लोधीपुऱ्यात लूमवर सुताच्या कांड्या भरायाचं काम भेटलं. रोजच्या रोज हाती येते.”

“ही तात्पुरती अडचण आहे. मी तक्रार निवारण उपसमिती नेमतो.”

“नेमा. पन केळी तोवर पिकतात.”

तिने मोबाईल टेबलावर ठेवला, त्याची तार गुंडाळून वर ठेवली, आणि नेसलेल्या हिरव्या साडीचा पदर खोचून निघाली. दारात थांबली. “वहिनीच्या नावाच्या पुड्या उरल्या हायेत कोऱ्या. टाकू नका.”

टाकणार नाही. एवढे मी बोललो.

दुपारी घर अतिशय व्यवस्थित होते.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

श्री. रितेश यांच्याकडे गेलो. बारीचा नियम नवरात्रापुरता शिथिल करावा व दर उतरवावा, अशी सूचना केली.

“सर, हे कसं होईल?” ते फार वाईट वाटून म्हणाले. “कमिटी का डिसीजन है. साइन आपकी ही है.”

“सोजरबाईचे काम बंद पडले.”

“सॅड आहे सर. पर एक के लिए रूल तोड़ेंगे तो अनफेअर होगा ना?”

हे वाक्य मी स्वतः पहिल्या बैठकीत उच्चारले होते. त्यांच्या तोंडून ते वेगळेच ऐकू आले. चहा आला होता, तो मी घेतला नाही. ‘सर, शाल आवडली ना?’ असे त्यांनी जिन्यापर्यंत येऊन विचारले.

शनिवार, २७ सप्टेंबर

काही नाही. एक कंगवा मागवला होता, तो आला. आणणारा घाईत होता.

सोमवार, २९ सप्टेंबर

आज मी नियमभंग केला. क्रमाने लिहितो.

सकाळी लोधीपुऱ्यात गेलो. लूमच्या शेडमध्ये इतका खडखडाट होता की मला ओरडून बोलावे लागले. मी आयुष्यात कोणाशी असे बोललो नव्हतो.

“सोजरबाई! ओट्यावर या!”

“काहून?”

“भांडण लावायला!”

शेजारच्या बायांनी कांड्या खाली ठेवल्या. सोजरबाई पदरात तोंड घालून हसली, मग हसणे थांबेना म्हणून बाहेर आली. “येते. पन एक अट. ओट्यावर मी बोलीन. तुमी वजन करायाचं अन् पत्ते लिहायाचे. तिसरा शब्द बोलायाचा नही.”

अट मान्य केली.

तेथून तापीवेगच्या गोदामावर गेलो. दगा पोत्यावर बसून होता.

“काका, आज सोमवार. माही बारी नही.”

“मला माहीत आहे.”

“मंग?”

“मंग काही नाही. चल.”

तो उठला. गाडीला लाथ मारताना म्हणाला, “रितेशभाऊ माह्या सायबाले फोन करतीन. काम गेलं तं?”  “न्यायचं तर तूही दर सांग, आणि खरा सांग,” एवढे म्हणालो. दगा हसला. “हे वहिनी बोलल्यासारखं वाटलं.” तरी गाडी सुरू झाली होती.

गल्लीत दगाची गाडी सोमवारी उभी राहिलेली गरुडपंखच्या तरुणाने कोपऱ्यावरून पाहिली. तोही आला, आपण केवळ सहज आलो आहोत असे सांगत. सोजरबाईने पाट मांडला, त्यावर बसली आणि चहा ठेवण्यास मला आत पाठवले. मी परत येईपर्यंत दर दोनदा उतरला होता.

“पुन्याचं परवा सकाळी पोचवतो,” दगा म्हणाला.

“मी उद्या संध्याकाळी!”

“तू? तुह्या गाडीचं चाक गावाच्या वेशीवरच निघते!”

“चाक निघीन, पन मालाचा भुगा तं होत नही. तुह्या हातची खोकी सरळ फराळाच्या चुऱ्यातच जातात!”

मग श्री. रितेश स्वतःच्या मोटारीने आले. त्यांना कोणी कळवले ते ठाऊक नाही. त्यांनी मला ‘सर’ म्हटले, सोजरबाईस ‘आंटी’ म्हटले आणि समितीच्या निर्णयाची आठवण करून दिली.

“निर्णय घेऊन जा, रितेशभाऊ,” सोजरबाई पाटावरून म्हणाली. “घरी लावा, फ्रेम करून. अन् खोकी न्यायाची असतीन तं सांगा, उरलेली नागपूरची ही एवढी हायेत. हा दगा न्यायाले तयार हाये. तुमचा काय भाव?”

 त्यांनी दगाच्या गाडीत चढलेल्या खोक्यांकडे पाहिले. मग त्यांनी जो दर सांगितला, तो मी पत्त्याच्या कागदावर दोनदा लिहून पाहिला. माझ्या समितीने निष्पक्ष म्हणून ठरवलेल्या दराच्या तो निम्म्याहूनही कमी होता, आणि तरीही त्यांना परवडत होता.

उशीर झालेल्या ग्राहकांपैकी काहींनी पुन्हा होकार दिला, बरेच गेले. सोजरबाई उद्या कढई पेटवणार आहे, दसऱ्यासाठी थोडी आणि पुढे दिवाळी आहेच, असे म्हणाली. लूमवर तिने निरोप पाठवला.

नियमभंगाबद्दल मी स्वतःकडून खुलासा मागवला. तो समाधानकारक वाटला नाही. लेखी समज दिली आहे.

बुधवार, १ ऑक्टोबर

सोमवारच्या प्रकारावर विचार करण्यासाठी समितीची तातडीची बैठक बोलावली होती. मी वेळेवर धर्मशाळेत गेलो, सतरंजी अंथरली, खुर्च्या मांडल्या. कोणी आले नाही. सदस्य कोठे आहेत हे मला खिडकीतून ऐकू येत होते. ते आपल्या ओट्यावर होते. गरुडपंख ओरडत होता की दसऱ्याच्या दिवशीही तो माल पोचवेल. शीघ्रसेवा ओरडत होती की ती त्याआधी. दगाने काहीतरी म्हटले, ते येथे लिहिण्याजोगे नाही, पण सर्वांत मोठ्याने सोजरबाई हसली. मध्येच मोबाईल वाजला. “हां ताई, बोला,” असे आले.

गणसंख्येअभावी बैठक भरू शकली नाही. तरी एक ठराव आवश्यक होता. समिती आपले कार्य समाप्त करीत आहे, असा मजकूर मी लिहिला. समाप्तीचे कारण नोंदवताना माझी लेखणी अडखळली. सदस्यांचे असहकार्य असे लिहिले, खोडले. विहीर व ओटा यांत फरक आहे असे लिहिले, तेही खोडले, कारण तो फरक मला अजून शब्दांत मांडता येत नाही. शेवटी कारण लिहिलेच नाही. अशी अपूर्ण नोंद मी पहिल्यांदाच केली.

सूचक म्हणून माझे नाव लिहिले. अनुमोदकाची जागा रिकामी राहिली. अनुमोदकाशिवाय ठराव ग्राह्य धरता येत नाही आणि अनुमोदक बैठकीस प्रत्यक्ष हजर असला पाहिजे, हे मला पूर्णपणे ठाऊक आहे. मी बराच वेळ विचार केला. मग तेथे लिहिले: मनकर्णा शालिग्राम महाजन. ‘कै. सौ.’ लिहिले नाही.

ठराव मंजूर झाला.

सतरंज्या झटकून घडी घातल्या. खिडक्या लावल्या. खोलीला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या कडूभाऊंच्याच हातात परत केल्या.